कर्ता नसलेलं वाक्य

“ग्वान ल,” चेन म्हणाला आणि टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

वीणाने इंग्रजीत सांगितलं, “स्विच्ड ऑफ.” आता ते जर्मनमध्ये सांगायची पाळी माझी. मी तोंड उघडलं आणि अडकले.

तुमकूर रोडवरच्या एका कारखान्याची ती कॉन्फरन्स रूम. आठवड्यापूर्वी खाली शॉप फ्लोअरवर मेंटेनन्सचा रमेश प्रेस मशीनमध्ये चिरडून गेला होता. मशीन जर्मन कंपनीचं, त्याचं नवं कंट्रोल पॅनल चिनी. ते बसवायला आलेला इंजिनियर म्हणजे हा चेन. चौकशीसाठी जर्मनीहून केलर नावाच्या सेफ्टी ऑफिसर बाई आल्या होत्या आणि त्यांना प्रत्येक जबाब जर्मनमध्ये हवा होता. चिनी आणि जर्मन दोन्ही येणारा इंटरप्रिटर कंपनीला मिळाला नाही. म्हणून वीणा चिनीचं इंग्रजी करायची आणि मी त्या इंग्रजीचं जर्मन.

रमेश मला माहीत होता. मशीन बसवताना मी तिथे कामाला जात होते. माझं घर चामराजपेटला. आमचं मराठी कानडीत इतकं मुरलेलं की पुण्याचे लोक हसतात. रमेश निपाणीकडचा. पहिल्याच दिवशी त्याने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, “अक्का, तुम्ही आपल्यातल्या व्हय?” त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याच टेबलाशी यायचा. त्याला चिनी येत नव्हतं, चेनला कानडी येत नव्हतं. तरी त्यांचं जमायचं. रमेशने चेनकडून ‘ग्वान ल’ उचललं होतं, चेनने रमेशकडून ‘सरी’. एक म्हणजे बंद, दुसरं म्हणजे ठीक आहे. या एवढ्या भांडवलावर दोघे मिळून ते अजस्र मशीन चालवत होते.

तर मी अडकले कुठे, ते सांगते.

चिनीत ‘ग्वान ल’ म्हटलं की बंद. मी बंद केलं, त्याने बंद केलं, ते बंद झालं आहे, आणि प्रसंगी ‘बंद कर’ सुद्धा. कोण, हे बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला ठाऊक असलं तर वेगळं सांगत नाहीत. क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही, काळाप्रमाणेही नाही. जर्मन याच्या उलट. तिथे साध्या वाक्याला कर्ता लागतो आणि क्रियापद त्या कर्त्याप्रमाणे बदलतं. शिवाय जर्मनमध्ये चालू आणि बंद यांचं क्रियापद एकच, ‘शाल्टन’. पुढे ‘आइन’ लागलं तर चालू, ‘आउस’ लागलं तर बंद. आणि हे आइन-आउस बरेचदा वाक्याच्या अगदी शेवटी येतं. वाक्य कितीही लांब असो, मशीन चालू झालं की बंद झालं हे शेवटचा शब्द येईपर्यंत कळत नाही.

मी केलरबाईंना बंद झाल्याचं सांगितलं आणि म्हटलं, उत्तरात कर्ता नाही.

“कर्ता नाही म्हणजे? वाक्य आहे ना?”

“चिनीत ते पूर्ण वाक्य आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “ठीक. पुढे काय झालं ते विचारा.”

वीणाने विचारलं. चेन म्हणाला, “खाय ल.” चालू. पुन्हा कर्ता नाही.

त्या मशीनला दोन स्विच होते. एक चेनच्या पॅनलवर, दुसरा वायरला लटकणारा, आत उतरणाऱ्या माणसाच्या हाती असतो तो. म्हणजे कुणी चालू केलं, एवढाच खरा प्रश्न होता. पॅनलवरून चालू झालं असेल तर जबाबदारी कंपन्यांची. आतून झालं असेल तर मेलेल्या माणसाची.

कारखान्याचे जनरल मॅनेजर माझ्या शेजारी बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तो रमेशबद्दलच बोलतोय. इंग्रजीतला ‘ही’ घाला. ही स्विच्ड ऑफ, ही स्विच्ड ऑन. वाक्य पूर्ण होईल.”

“सर, त्याने ‘ही’ म्हटलेलं नाही.”

“स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. ग्रामरच तर आहे.”

वीणाने माझ्याकडे पाहिलं. ती वयाने लहान, पण कामात पक्की. “मी त्याला विचारू शकते, कोणी म्हणून,” ती म्हणाली.

“इंटरप्रिटरने प्रश्न विचारायचे नसतात,” मॅनेजर म्हणाले. “बोललं तेवढं सांगायचं.”

ते खरंच होतं. पण अर्थ दोन होत असतील तर खुलासा मागायची परवानगी आम्ही घेऊ शकतो. मी ती जर्मनमध्ये मागितली. केलरबाई म्हणाल्या, “विचारा.”

वीणाने विचारलं, “शेइ खाय द?” कुणी चालू केलं?

चेनने शेजारी बसलेल्या त्याच्या कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मग चेन बोलायला लागला आणि थांबेना. वीणा वाक्यामागून वाक्य देत होती, मी ते पुढे देत होते.

त्यानेच बंद केलं होतं. रमेशला ‘ग्वान ल’ म्हणून सांगितलं, तेव्हा रमेश अडकलेला पत्रा काढायला आत उतरला. तेवढ्यात प्रॉडक्शनमधून निरोप आला, लाइन सुरू करा. चेनने ओरडून विचारलं, बाहेर आलास का? चिनीत. आतून आवाज आला, “सरी.” चेनला वाटलं, आला. त्याने वाकून पाहिलं नाही. त्यानेच चालू केलं.

वीणाने ‘सरी’ हा शब्द तसाच पुढे दिला. मी तो शब्द जर्मनमध्ये नेला, पण काय नेलं मला सांगता येत नाही. ठीक आहे, असं म्हणाला तो. कशाला म्हणाला, ते कुणालाच कळणार नव्हतं.

केलरबाईंनी एकच विचारलं, “त्याचं कुलूप कुठे होतं?” आत उतरणारा माणूस वीजपुरवठ्याच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो, म्हणजे बाहेरच्याला चालू करताच येत नाही. याला लॉकआउट म्हणतात. मॅनेजर म्हणाले, नव्या मशीनची कुलपं अजून मागवायची होती.

महिन्याभराने निष्कर्ष वाचायला त्याच खोलीत बोलावलं. केलरबाई स्क्रीनवर होत्या. चेनला परत पाठवलं होतं. समोर रमेशची बायको सुनंदा आणि तिचा दीर. तिला कारखान्यातून आधी सांगितलं होतं की नवऱ्याने आतूनच बटण दाबलं. या वेळी मी जर्मनवरून थेट मराठीत सांगणार होते.

केलरबाईंनी पहिलं वाक्य वाचलं. मी सांगितलं, “कामगाराकडून कोणतीही चूक झाली नाही.”

सुनंदाने पदर तोंडाला लावला. “मी म्हणतच होते. आमचे मालक इचारल्याबिगर आत जायाचे न्हाईत.”

दुसरं वाक्य लांब होतं. मी शेवटच्या शब्दाची वाट पाहत थांबले. तो आला आणि मी सांगितलं, “मशीन पाहणी न करता पुन्हा चालू करण्यात आलं.”

“कुणी?” सुनंदाने विचारलं.

मी प्रश्न जर्मनमध्ये दिला. केलरबाईंनी बाजूला बसलेल्या वकिलाकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मी तेच पुन्हा सांगितलं.

“अक्का, कुणी ते सांगा की.”

“यात लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. चौकशीत जे ऐकलं ते बाहेर सांगायचं नाही, अशी आमची सही असते. मी ती मोडली नाही. सुनंदा दिराला म्हणाली, “चला. चूक न्हवती, एवढं तरी लिवून घ्या.”

ते त्यांना लिहून मिळालं. पुढे कुलपंही आली, लाल रंगाची, प्रत्येकावर नाव. मला त्या कारखान्यातून पुन्हा बोलावणं आलं नाही.

हल्ली मी मल्लेश्वरममध्ये जर्मनचा क्लास घेते. कर्मणी प्रयोग, म्हणजे ‘करण्यात आलं’, आला की मुलं विचारतात, हा कधी वापरायचा? पुस्तकात उत्तर आहे, कर्ता माहीत नसतो तेव्हा. मी फळ्यावर ते लिहिते आणि खाली आणखी एक ओळ घालते: माहीत असतो तेव्हाही.