लग्न होईपर्यंत ठेवून घ्या

दिवाळी उलटली की लतिकाताईंच्या फोनवर लग्नाची बोलणी सुरू होतात. हॉल कुठला, जेवणाचं कोणाकडे, असली नव्हेत. पलीकडचा आवाज दबका असतो, बोलणारा बहुधा जिन्यात उभा असतो आणि मागणी ठरलेली असते. आमच्या घरी लग्न आहे, काका पितात, तेवढे दिवस त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्या. कधी काका, कधी मामा, कधी थेट वडील. बरं करा असं कोणी म्हणत नाही. गावाला जाताना शेजाऱ्याकडे कुत्रं सोपवावं तसं ठेवून घ्या म्हणतात.

"आम्ही तसं ठेवत नाही," ताई सांगतात. "त्यांना स्वतःला यायचं असेल तर घेऊन या. नुसते चहाला आलात तरी चालेल."

पलीकडचा माणूस चहाला येत नाही. तो दारू सोडवणाऱ्या दुसऱ्या केंद्राला फोन लावतो. तिथून गाडी येते, चार दांडगे उतरतात, काकांना झोपेतून उचलून नेतात आणि सगळे पाहुणे पांगल्यावर घरी आणून सोडतात. ताईंचे यजमान जयवंतराव स्वयंपाकघरातून हे संभाषण ऐकतात आणि म्हणतात, "मोडलंस का आणखी एक लग्न?"

जयवंतराव बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, आणि या धंद्यातले बिनपगारी आचारी. दारू सुटताना पहिले चार दिवस माणसाच्या पोटात काही ठरत नाही. अशा माणसाला पेज आणि लिंबाचं लोणचं कसं भरवायचं हे त्यांच्याकडून शिकावं. राहायला दोघं विरार पूर्वेला चंदनसारला. पण बावीस वर्षं मुंबईच्या एका मनोरुग्ण वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर लतिकाताईंनी एक दिवस राजीनामा दिला आणि वसईकडच्या वटार गावात, केळीच्या वाड्यांमध्ये, एक जुना बंगला भाड्यानं घेतला. पन्नाशीला आलेली बाई, चांगली नोकरी सोडून, दारुड्यांचं काय घेऊन बसली, असं नातेवाईक म्हणाले. ताईंनी मनावर घेतलं नाही. वॉर्डात त्यांनी बांधून आणलेली माणसं पाहिली होती. ती बरी होऊन घरी जात आणि आपल्याला बांधलं याच्या रागानं पहिला पेला घेत. बांधल्याशिवाय हे करता येतं, असं ताईंना वाटायचं, आणि वाटलं ते करून पाहायची खोड त्यांना लहानपणापासून होती.

समाजसेवा हा शब्द मात्र त्यांना खपत नाही. "धंदा करते हो मी," त्या सांगतात. "समाजसेवा म्हटलं की लोक फी बुडवतात आणि वर मलाच उपदेश करतात." बंगल्यात सहा खोल्या आहेत. वसईच्या डॉक्टर स्वप्ना एक दिवसाआड येतात, औषधांचं त्या बघतात. फाटकाला कडी आहे, कुलूप नाही. पहिल्या वर्षी एक गृहस्थ फाटक उघडून सरळ नाक्यावर गेले, प्यायले आणि संध्याकाळी परत आले. ताईंनी त्यांना जेवायला वाढलं. आतले बाकीचे पेशंट त्यावर फार चिडले होते म्हणे.

गावानं पहिल्या दिवशीच बंगल्याचं बारसं केलं. दारूचा बंगला. रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी पुरतं. या नावानं फसून दोनतीन हौशी माणसं रविवारी दुपारी मोठ्या आशेनं आलीही होती. त्यांना जयवंतरावांनी कोकम सरबत पाजलं.

अशा या बंगल्याचं फाटक ऑक्टोबरातल्या एका सकाळी बर्नार्डभाऊंनी स्वतः उघडलं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची वाडी. केळी आणि फुलं. वय साठीच्या आसपास, हात थरथरते, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. गेली पंचवीस वर्षं त्यांनी काय केलं हे गावात लहान पोरालाही माहीत होतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ताय, जानेवारीत माझ्या पोरीचं, एलिनाचं लगीन हाय. तिचा हात धरून तिला चर्चात आल्तारापर्यंत न्यायचंय मला. तेवढा उभा राहीन असं करा."

पहिला आठवडा वाईट गेला. घाम, थरकाप, भिंतीवर नसलेले किडे. डॉक्टर स्वप्ना एका दिवशी तर दोनदा आल्या. मग हळूहळू माणूस निवळला. महिन्याभरानं भाऊ घरी राहायला गेले आणि रोज सकाळी बंगल्यावर येऊ लागले, येताना कधी केळीचा घड, कधी चाफ्याची फुलं घेऊन. ताईंना ते आवडायला लागले होते. पेशंट आवडू नये असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तक लिहिणाऱ्यांना बर्नार्डभाऊ भेटले नव्हते.

लग्नाला दोन आठवडे राहिले तेव्हा त्यांचा मुलगा जॉयल आला. अंधेरीला कंपनीत नोकरी करणारा, सरळ, कष्टाळू पोरगा.

"मॅडम, पप्पांना उद्यापासून इथेच ठेवा. लग्न होईपर्यंत. फी डबल घ्या."

ताईंना वाटलं होतं, निदान या घरातून तरी ही मागणी येणार नाही. "आणि एलिनाला चर्चमध्ये कोण नेणार?"

"जॅक्सन काका नेतील. पप्पांचे मोठे भाऊ."

"एलिनाला चालेल?"

"दीदी काही बोलत नाही. पप्पांबद्दल तिनं लहानपणापासूनच बोलणं सोडलंय." जॉयलनं खाली बघितलं. "मॅडम, तुम्ही पाहिलं नाहीये. चुलत बहिणीच्या लग्नात पप्पा केकच्या टेबलावर पडले होते. अख्खं गाव हसलं. दीदीच्या लग्नात मी ते होऊ देणार नाही. तुम्ही नाही ठेवलंत तर मी दुसरीकडे बोलून ठेवलंय. त्यांची गाडी येते."

ताईंचं डोकं सणकलं. जो माणूस या एका गोष्टीसाठी आपल्या पायांनी चालत आला, त्यालाच तिच्यापासून उचलून न्यायचं. त्या दोन शब्द सुनावणारही होत्या. पण पोराचे डोळे लाल झाले होते, आणि केकच्या टेबलाची लाज त्याची होती, ताईंची नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर भीती त्यांनाही वाटत होती. भाऊ मंडपात प्यायले तर ते सगळ्या वटारसमोर प्यायले असते. मग बंगल्याचं फाटक उघडं असलं काय आणि बंद असलं काय, कोणी आत आलं नसतं. तीन खोल्या आत्ताही रिकाम्या होत्या. गाडीवाल्यांचं काम किती बिनघोर, असा विचार त्या क्षणी ताईंच्या मनात आला. त्यांनी तो लपवला नाही, रात्री जयवंतरावांना सांगितला.

जॉयलला त्यांनी एवढंच विचारलं, "तुला नेमकी कशाची भीती वाटते? मंडपात काय होईल?"

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या घरात रीत होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मंडपात पहिला ग्लास मुलीच्या बापाच्या हातात त्याचा मोठा भाऊ देणार, बाप घोट घेणार, आणि मग बाकीचे घेणार. बापानं घेतला नाही तर सगळे खोळंबले. "पप्पांना नाही म्हणता येत नाही," जॉयल म्हणाला. "कधीच आलं नाही."

"मग शिकवू या. रविवारी चारला ये. तालीम करू."

रविवारी हॉलमधल्या खुर्च्या गोल मांडल्या. ग्लासात कोकम सरबत. बंगल्यातले तिघं पेशंट नातेवाईक झाले, आणि मोठे भाऊ म्हणून ताईंनी जयवंतरावांना उभं केलं. जयवंतरावांनी ग्लास पुढे धरला आणि म्हणाले, "बर्नार्डराव, थोडी घेता का? नको असेल तर राहू द्या."

बर्नार्डभाऊ हसले ते ठसका लागेपर्यंत हसले. "अहो, असा आग्रह कोण करतो? असं कोनी बोललं असतं तर मी आयुष्यात प्यायलोच नसतो."

"मग तुम्हीच करून दाखवा," ताई म्हणाल्या. "तुम्ही व्हा जॅक्सन. आणि जॉयल, तू हो पप्पा."

जॉयलनं कपाळाला आठ्या घातल्या, पण उभा राहिला. हाताची घडी घातली. त्यात काय, नाही म्हणायचं, असा चेहरा.

बर्नार्डभाऊंनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि ते त्यांच्या घरच्या बोलीत शिरले. ताईंना निम्मं कळलं, पण निम्मं पुरेसं होतं. आधी गोड बोलणं. पोरीचं लगीन काय रोज असतं? मग गळ्यात हात. मग चेष्टा, आता तू मोठा साधू झालास का रे. नातेवाईक झालेले तिघं आपणहून त्यात पडले, या कामात तिघंही मुरलेले. जॉयल नाही, नाही म्हणत राहिला. मग भाऊंचा आवाज उतरला. आपला बाप आज असता तर त्यानंच दिला असता हा ग्लास. त्याच्या नावानं एक घोट. भावाचा हात मागे लोटणार, पाहुण्यांसमोर? सगळे तुझ्यासाठी उभे आहेत. तुझ्या पोरीच्या सुखासाठी, एकच.

जॉयलनं इकडेतिकडे पाहिलं. सगळे खरंच उभे होते, सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

सरबतच होतं, पण जॉयलनं तोंड पुसलं ते ओशाळून. बर्नार्डभाऊंनी त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला. "असं होतं, बाळा," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

जॉयल खुर्चीत बसला. त्यानं विचारलं, "मग तुम्ही काय सांगणार?"

त्यावर प्रत्येकाकडे सबब होती. अॅन्टिबायोटिक चालू आहे सांगा. पित्त झालंय सांगा. नवस बोललोय सांगा. ताई म्हणाल्या, सबब एक दिवस टिकते, आणि तुमचे मोठे भाऊ पित्तावर औषध म्हणून ब्रँडी देतील. सगळ्यांना ते पटलं. काय बोलायचं ते भाऊंनी स्वतः ठरवावं, आणि त्या वेळी जॉयलनं त्यांच्या उजव्या हाताशी उभं राहावं, एवढं ठरलं. निघताना जॉयलनं फोन काढला, फाटकापाशी थांबून कोणाशी तरी दोन मिनिटं बोलला. गाडी लागणार नाही, एवढं ताईंच्या कानावर आलं. त्यांना मनापासून बरं वाटलं.

हे बरं वाटणं लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत टिकलं. त्या संध्याकाळी चंदनसारच्या घरी ताईंनी ताट बाजूला सारलं. फोन समोर ठेवला होता, तो वाजला नाही. चांगली बातमी असती तर भाऊंनी कळवलं असतं, वाईट असती तर जॉयलनं, असं त्या म्हणाल्या. "लग्नघर आहे ते," जयवंतराव म्हणाले, "त्यांना तुझ्याशिवाय दुसरे उद्योग असतील." सकाळीही फोन आला नाही. आपण होऊन फोन करावा असं ताईंना दहादा वाटलं. पण केला तर तो पहारा झाला असता, म्हणून त्यांनी हात आवरला.

दुपारी दोघं चर्चला पोचली. आवारात सुटाबुटातली माणसं, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, कोपऱ्यात बँडवाले. दारूच्या बंगल्याची बाई आली, हे नजरांतून आवारभर पसरलं. पायऱ्यांवर एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कोटाला फूल लावून उभे होते, आणि कोणीतरी त्यांना जॅक्सन म्हणून हाक मारली. मुलीला न्यायला हेच उभे राहिलेत, म्हणजे काल संपलं सगळं.

जॅक्सन त्यांच्याकडेच आले. "तुमीच ना बंगल्यावाल्या?"

"हो."

"काल मी त्याला ग्लास दिला," ते म्हणाले. मोठ्या माणसाला अवघड वाटावं तसा त्यांचा आवाज होता. "लय आग्रह केला. रीतच हाय आमची. तर सगळ्यांसमोर बोलला, मी आजारी मानूस हाय, बंगल्यात इलाज चाललाय, एक घोट घेतला तर उद्या पोरीला नेता येनार नाय. तुमाला काय पायजे ते बोला, बोलला." ते थोडं थांबले. "त्याचा पोरगा बाजूला उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी ग्लास ठेवला. मग कोनीच नाय घेतला. जेवायलाच बसलो."

जयवंतरावांनी जॅक्सनचा हात हातात घेतला आणि उगाचच दोन वेळा हलवला.

तेवढ्यात बँड वाजला आणि गाडी आली. आधी जॉयल उतरला, मग बर्नार्डभाऊ, काळ्या सुटात, गुळगुळीत दाढी केलेले, शेवटी पांढऱ्या झग्यातली एलिना. भाऊंनी ताईंकडे पाहिलं, पण हसले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पायऱ्यांकडे होतं. दाराशी पोचल्यावर त्यांनी दंड पुढे केला.

एलिनानं हात घातला नाही. ती त्यांच्याजवळ वाकली, कानात काही सांगावं इतकी जवळ, पण बोलली नाही. तिनं हळूच श्वास आत घेतला. ताईंनी ते ओळखलं. कितीतरी घरांत त्यांनी ते पाहिलं होतं, पोरं दाराशी बापाचा वास आधी घेतात आणि मग त्याच्याजवळ जायचं की नाही ते ठरवतात. तिला स्वतःलाही बहुधा कळलं नसावं की आपण काय करतोय.

बर्नार्डभाऊंना कळलं होतं. ते मागे सरले नाहीत. त्यांनी मान आणखी खाली केली, तोंड तिच्या जवळ आणलं.

"घे, बाय," ते म्हणाले. "सावकाश घे."

आत ऑर्गन सुरू झाला होता, माणसं उभी राहून मागे बघत होती. एलिना तशीच थांबली, तिला हवा तेवढा वेळ.

"पप्पा," ती म्हणाली, "किती आफ्टरशेव्ह लावलंय." आणि तिनं त्यांच्या दंडात हात घातला.