मुकादमाच्या खांद्यावरचा हात

माझी मावशी फोटोतून बायका पुसायची. हसू नका, पगार मिळायचा तिला त्याचा. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीशी काचेची निगेटिव्ह उभी करून ती पात्याने बाई खरवडायची, मग बारीक पेन्सिलीने तिथे भिंत नाहीतर पडदा भरायची. पळून गेलेली मुलगी, नांदायला नकार दिलेली सून, वाटणी मागणारी बहीण. घरचे लोक यायचे आणि म्हणायचे, "हिला काढा." इतक्या वर्षांत एकाही पुरुषाला काढायला कुणी आलं नाही, बरं का!

पण मावशी भारी वस्ताद. बाई काढायची आणि तिचा एक हात तेवढा ठेवायची, शेजारच्याच्या खांद्यावर. घोळक्यात कुणाच्या लक्षात येतंय? "माणूस होतं तिथे, एवढं तरी राहू दे," म्हणायची.

मग कापड गिरणीतली ती भानगड झाली. गिरणीत एक बाई होती, सगळ्याजणी तिला अर्धबोटी म्हणायच्या, कारण डाव्या हाताचं मधलं बोट यंत्राने अर्धं नेलं होतं. तिने बायकांना घेऊन यंत्रं बंद पाडली. दुसऱ्या दिवशी मुकादम तिला ऑफिसात घेऊन गेला, आणि ती परत आलीच नाही. तिची म्हातारी आई कोर्टात गेली, तर कंपनी म्हणते, अशी बाई आमच्याकडे कधी नव्हतीच! हजेरीपत्रकातून नावसुद्धा गेलेलं. पुरावा उरला एकच, कामगारांचा ग्रुप फोटो. त्यात ती मुकादमाच्या मागेच उभी होती.

ती काच मावशीच्या टेबलावर आली. सोबत गिरणीचा मॅनेजर. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, यात काही राहिलं, तर उद्या लोक तुमचाही फोटो शोधत फिरतील."

कोर्टात कंपनीने तो फोटो मोठा करून ऐटीत लावला. म्हातारी उठली, जवळ गेली आणि फोटोतल्या मुकादमाच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाली, "हा माझ्या लेकीचा हात."

खरंच होता. मधलं बोट अर्धं. मी तिथेच बसले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. पिंजऱ्यात उभा असलेला मुकादम आपला खांदा झटकायला लागला. झटकतोय, झटकतोय, थांबेचना. झटकता झटकता सगळं बोलून गेला मेला. रंगाच्या जुन्या हौदाखाली ती सापडली.

मावशीचं केवढं कौतुक झालं! म्हातारीने तर तिचे पाय धरले. मावशी नुसती थिजून उभी. त्या दिवसापासून तिने पातं हातात घेतलं नाही, आणि भिंतीला पाठ लावल्याशिवाय कुठे बसली नाही. मागून कुणी खांद्याला हात लावला की किंचाळायची. मी चिडवायचे, "अगं, गिरणीवाल्यांना पाणी पाजलंस, आणि मला घाबरतेस?"

शेवटच्या आजारपणात एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं.

"बाकीचे सगळे हात मी ठेवले," ती म्हणाली. "तो नाही."

"म्हणजे?"

"भ्याले गं मी. पार खरवडून काढली तिला, बोटांसकट. तीनदा काच उजेडात धरून बघितली. काही म्हणजे काही उरलं नव्हतं तिथे. आणि ती म्हातारी माझ्या पाया पडली, तरी मी गप्प बसले."

ती ढसाढसा रडायला लागली. धीर द्यायला मी हात तिच्या खांद्याकडे नेला.

"तिथे नको," ती घाईघाईने म्हणाली. "तिथे तिचा आहे."