‘बाहेर’ म्हणालं कोण?

भानामती, करणी, अंगात येणं... असलं काही कानावर आलं की माझं डोकंच फिरतं. जन्म रेडिओ दुरुस्तीत गेला. खरखर आली तर व्हॉल्व्ह बघायचा, आवाज गेला तर सांधा बघायचा, देवाधर्माला मध्ये आणायचं नाही. तरी हे लिहितोय. छापा, नका छापू, तुमची मर्जी.

सन पन्नास-पंचावन्नच्या दरम्यानची गोष्ट. कासारवाडी स्टेशनजवळ माझं आणि युसूफचं भागीत दुकान होतं. मी साताऱ्याकडचा, तो इथलाच. रेडिओ माझ्याकडे, पंखे-मोटारी त्याच्याकडे. जळालेल्या मोटारीची तार तो अशी काही गुंडाळायचा की बघत बसावं! तेव्हा पिंपरीत औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, आणि हा पठ्ठ्या मला न सांगता तिथे नोकरी पक्की करून आला. मला कळलं ते चहावाल्याकडून. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्याच हिवाळ्यात छावणीतल्या एका चर्चचं काम आलं. कुणी गोरा साहेब जाताना तिथे एक अमेरिकन इलेक्ट्रिक ऑर्गन ठेवून गेला होता. तो वाजवणाऱ्या मास्तरांनी परदेशी मासिकात चित्र पाहिलं होतं — ऑर्गनच्या बाहेर वेगळी लाकडी पेटी, पेटीत स्पीकर आणि स्पीकरच्या तोंडाशी गोल फिरणारं पिंप. पिंप फिरलं की सूर खोलीभर हेलकावे घेत फिरतो म्हणे. नाताळच्या आत त्यांना तसंच करून हवं होतं. पेटी आम्ही बनवली, पिंपाला युसूफने पंख्याची मोटर बसवली. ऑर्गनच्या पोटातून तार काढून पेटीला जोडायची तेवढी राहिली होती.

आता आमची एक रीत सांगतो. एकाचे हात यंत्रात असले की दुसरा बटणापाशी उभा. बटणवाल्याने विचारायचं, ‘हात?’ आतल्याने म्हणायचं, ‘बाहेर.’ ते ऐकल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. चार वर्षांत एकदाही चूक नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. मास्तर बाहेर गेलेले. युसूफ ऑर्गनच्या मागे, मला न दिसणारा. मी भिंतीच्या बटणापाशी, वीज बंद. पिंप कुठे घासत नाही ना बघायला युसूफने त्याला हाताने गरका दिला होता, ते अजून हळूहळू फिरत होतं. मी विचारलं, ‘हात?’

‘बाहेर.’

युसूफचाच आवाज. जरा हेलकावत आला इतकंच. मी बटण दाबलं.

त्याचा हात आतच होता! गडी मागे फेकला गेला. वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं भाजली. जखमा भरल्या, बोटं मात्र वळेनात. मोटर गुंडाळणाऱ्याची बोटं हो ती... कारखान्याची नोकरीही गेली.

तो म्हणे, मी बोललोच न्हाई. मी म्हणे, बोललास. माझी खात्री होती, याचं चित्त नव्या नोकरीत, तोंडातून शब्द निसटला आणि आता खापर माझ्या माथी. तोही माझ्याकडे चोराकडे बघावं तसा बघायचा. मी तर गुपचूप जाऊन पेटी खोलली, कुठे माइक लपवलाय का म्हणून. लाज वाटते सांगायला. वीज बंद असताना पेटी काय कपाळ बोलणार? पण संशयाने माणूस आंधळा होतो. पेटीत काही नव्हतं. पुढच्याच महिन्यात आम्ही हत्यारं वाटून घेतली आणि दुकान मोडलं.

त्या दुपारनंतर आठ महिन्यांनी तो मला कासारवाडीच्या फलाटावर भेटला. बाकावर बसून बिडी पेटवायला बघत होता, काडी बोटांत धरवत नव्हती. मला राहवलं नाही. मी काडी ओढून धरली. दोन झुरके मारून तो म्हणाला, ‘‘दत्तू, एक सांग. त्या दिशी ‘हात?’ तू इचारलंस, मग ‘बाहेर’बी तूच का म्हणालास?’’

‘‘मी?’’

‘‘व्हय. तुझाच आवाज, पेटीतनं आल्यावानी. मला वाटलं चेष्टा करतोयस, बटण काय दाबायचा न्हाईस. म्हणून हात काढला न्हाई... आन् मग वाटलं, कारखान्याचा राग काढलास.’’

मी कुणाचा आवाज ऐकला ते त्याला सांगितलं. लोणावळ्याची गाडी आली नि गेली, त्याला जायचं होतं त्याच गाडीने, पण तो उठला नाही.

आवाज घुमला म्हणावं, तर मुळात बोललं कोण? आणि दोघांना एकमेकांचाच आवाज का यावा? जाणत्यांना विचारून झालं, स्वतःशी डोकं फोडून झालं. आता तर युसूफही नाही. पण आठ महिने एकमेकांना एवढंसुद्धा विचारलं नाही की बाबा रे, तू नेमकं काय ऐकलंस... ते काही त्या पेटीने केलं नव्हतं.