हात लावायच्या खोलीतला नकोबा

नकोबाचे खरे नाव पगारपत्रकावर होते आणि ते तिथेच सुखाने राहत होते. गावात त्याला सगळे नकोबाच म्हणत. गावच्या संग्रहालयात तो तीसेक वर्षे पहाऱ्याला होता आणि एवढ्या वर्षांत तो लोकांशी जे काही बोलला असेल त्यात 'नको' सोडून फारसे काही नव्हते. काचेला टेकू नको, पुतळ्याला हात लावू नको, कठड्यावर बसू नको, इथे खाऊ नको. पोर हट्टाला पेटले की आया म्हणत, गप्प बस, नाहीतर नकोबाकडे देऊन येईन. पोर गप्प बसे.

तसा माणूस दुष्ट नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका शाळेच्या सहलीने त्याच्या डोळ्यांदेखत मातीचा एक जुना रांजण पाडला होता. तेव्हाचे म्हातारे साहेब जमिनीवर बसून तुकडे गोळा करत होते आणि तुकडे गोळा करता करता रडत होते. एवढा मोठा साहेब रडताना याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि कानाला खडा लावला की आपण पहाऱ्याला असताना काही फुटू द्यायचे नाही. फुटलेही नाही. पण ओरडणे अंगवळणी पडले. दालन लांबलचक, छत उंच, आवाज घुमायचा. पार त्या टोकाला कुणी बोट उचलले तरी याला दिसायचे आणि अशी काही आरोळी सुटायची की हात तर सोडाच, अख्खा माणूस दोन पावले मागे सरकायचा. नियम त्याने स्वतःलाही लावला होता. धूळ झटकायची ती हातमोजे घालून आणि मऊ कुंचल्याने. उघडा हात त्याने कशालाच कधी लावला नव्हता.

घरी मात्र हाच माणूस मांजर होता. दोन खोल्यांचे घर, पुढच्या खोलीत बायकोचे शिवणयंत्र. तिला सगळे शिवणकाकू म्हणत. शिवणकाकूचे यंत्र चालू असले की नकोबा चहासुद्धा स्वतः करून घ्यायचा आणि कपबशीचा आवाज होणार नाही अशा बेताने प्यायचा. मुलीला वाढवताना त्याने कधी आवाज चढवला नाही, आणि मीठ कमी पडले तर तो मुकाट्याने उठून मीठ घ्यायचा. ओरडायचा सगळा कोटा दिवसा संपत असावा.

या घरात एकच गोष्ट बंद होती. शिवणकाकू संग्रहालयाची पायरी चढत नसे.

त्याला कारण होते आणि ते दोघांनाही माहीत होते. लग्नाला वर्षही झाले नव्हते तेव्हा काकूची आई लेकीकडे राहायला आली होती. जावई काय काम करतो ते बघावे म्हणून मायलेकी नटूनथटून संग्रहालयात गेल्या. वरच्या दालनात एक जुनी लोकरी शाल लाकडी चौकटीवर उघडीच लावलेली होती. आता काकूचा हात म्हणजे कापड दिसले की चिमटीत धरणारा. दुकानातसुद्धा भाव विचारायच्या आधी तिची बोटे कापड चोळून मोकळी होत. तसाच तो हात शालीच्या काठावर गेला. नेमके त्या दिवशी वरचे अधिकारी तपासणीला आले होते आणि नकोबा त्यांच्या मागे अदबीने उभा होता. हात कुणाचा ते त्याने ओळखले. क्षणभर जीभ अडलीही. पण घरच्या माणसाला सवलत देतो असे कुणी म्हणू नये, म्हणून तो रोजच्यापेक्षा मोठ्याने ओरडला, "ओ बाई, हात काढा! घरी कुणी शिकवलं नाही का?"

घरी जिने शिकवायचे ती शेजारीच उभी होती. दालनातले लोक हसले.

रात्री जेवताना त्याने नियम सगळ्यांना सारखा असतो असे काहीतरी सांगून पाहिले. शिवणकाकूने त्याला वाढले आणि त्यानंतर ती संग्रहालयात आली नाही. भांडण नाही, अबोला नाही. उलट थट्टेने म्हणायची, तुमच्या जुन्या वस्तूंना माझा नमस्कार सांगा. नवऱ्यांची जात अशी की बायको थट्टा करते म्हणजे विसरली, असे त्यांना वाटते. नकोबालाही बरीच वर्षे तसेच वाटले.

निवृत्तीला वर्ष उरले असताना नव्या संचालकबाई आल्या. वयाने नकोबाच्या मुलीएवढ्या, पण पायाला भिंगरी. संग्रहालयात लोक का येत नाहीत हे त्या खुर्चीत बसून शोधत बसल्या नाहीत. बाजारात गेल्या, बसथांब्यावर उभ्या राहिल्या, दवाखान्याच्या रांगेत बसल्या आणि भेटेल त्याला विचारत सुटल्या. कुणी म्हणाले वेळ नाही, कुणी म्हणाले एकदा बघितले की झाले, पण बहुतेकांनी एकच सांगितले की तिथे ओरडतात. संचालकबाईंनी हे नकोबाला कळू दिले नाही. चहावाल्याने कळू दिले. नकोबाला तोंडात मारल्यासारखे झाले. त्या दिवशी त्याने कुणालाच अडवले नाही आणि संध्याकाळी सगळ्या वस्तू जागच्या जागी बघून त्याला आणखीच वाईट वाटले.

मग संचालकबाईंनी तळमजल्यावरची मोडक्या कपाटांची खोली रिकामी करून घेतली, भिंतींना रंग दिला आणि मधोमध लांब टेबल मांडले. त्यावर हाताळून बिघडणार नाहीत अशा वस्तू ठेवल्या: वीतभर किल्लीचे लोखंडी कुलूप, कोळशाची इस्त्री, होडीचे वल्हे, कोरीव दाराची एक फळी, जाड गालिच्याचा तुकडा, आणि कुठल्यातरी हरवलेल्या पुतळ्याचा घोट्यापर्यंतचा दगडी पाय. दारावर पाटी लागली, 'हात लावायची खोली'. आणि तिथे बसवले कुणाला, तर नकोबाला. दुसरा पहारेकरी रात्रपाळीचा होता आणि तिसरा दिवसाच झोपायचा, त्यामुळे निवडीला फारसा वाव नव्हता. लोकांना फक्त एवढेच म्हणायचे, काका, की हात लावा, असे संचालकबाईंनी सांगितले. नकोबा हो म्हणाला. पण जित्याची खोड अशी थोडीच जाते? पहिला माणूस दारात आला, नकोबाने तोंड उघडले आणि शब्दच बाहेर आला नाही.

पुढची गंमत अशी की त्याची गरजही पडली नाही. लोक यायचे, पाटी वाचून खूश व्हायचे, आत स्टुलावर नकोबाला बघायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती एक चक्कर मारून निघून जायचे. सबंध गावात हात लावायला एकच खोली, आणि तिथल्या वस्तूंवर धूळ साचायला लागली.

ही कोंडी फोडली ती टेलिफोनवाल्या बाईंनी. त्या पूर्वी टेलिफोन केंद्रात फोन जोडून देण्याच्या कामावर होत्या आणि साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर गेली होती. भाची त्यांना दाराशी सोडून बाजारात गेली. बाई काठी टेकत आत आल्या आणि कोण आहे म्हणून विचारले. नकोबा खाकरला. खोकला ऐकला, आता बोला पण, असे बाई म्हणाल्या. इथे हात लावू देतात असे कळले, तर कुठून सुरुवात करू?

नकोबाच्या जिभेवर 'न' येऊन थांबला. "न..."

"नवीन आहात का?" बाईंनी विचारले.

डोळ्यांच्या धाकाने आजवर काम भागत होते, इथे तर डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. नकोबा उठला, त्याने बाईंचे मनगट अलगद धरले आणि हात कुलपावर ठेवला. बाईंनी किल्लीचे भोक शोधले, किल्ली फिरवून बघितली, कडी उघडल्यावर खुदकन हसल्या. दगडी पायाशी आल्यावर म्हणाल्या की तुम्हीही लावा की हात, एकटीने काय बघायचे. नकोबाने दाराकडे पाहिले, कुणी नव्हते, आणि त्याने हात ठेवला. इतकी वर्षे तो हा पाय गुळगुळीत समजत होता. पाय खरखरीत निघाला.

नकोबा हात धरून वस्तू दाखवतो, ही बातमी गावात पसरायला दोन दिवस पुरले. आधी लोक ते खरे आहे का ते बघायला आले, मग वस्तू बघायला. हमाल दुपारच्या सुट्टीत येऊन वल्हे उचलून बघायचे. रात्रपाळी संपवून दवाखान्यातल्या नर्स यायच्या. टेलिफोनवाल्या बाई तर दर रविवारी ठरलेल्या, आणि नव्या माणसाला कुलूप कसे उघडायचे ते आता त्याच शिकवायच्या. नकोबाच्या तोंडी नको होताच, पण आता तो 'घाई करू नको' एवढ्यावर आला होता.

हे सगळे तो घरी येऊन सांगायचा. शिवणकाकू काज करता करता ऐकायची. आज गर्दी होती, असे तो म्हणाला की ती म्हणायची, असेल. तिने एकदा यावे, आपण निवृत्त व्हायच्या आत यावे, एवढेच आता त्याला हवे होते. त्यासाठी तो जंग जंग पछाडत होता, फक्त सरळ विचारत नव्हता. शेवटी एका संध्याकाळी त्याने गालिच्याच्या तुकड्याची गोष्ट काढली. वीण दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, तू ये एकदा.

"नको," शिवणकाकू म्हणाली.

झाले ते जुने झाले, आता तर हात लावायचीच खोली आहे, असे तो समजुतीने सांगू लागला. काकूने यंत्र थांबवले.

"तुम्हाला वाटतं मी हाताचं मनाला लावून घेतलं," ती म्हणाली. "हाताचं मी तेव्हाच सोडलं. त्या दिवशी जिना उतरताना आईनं मला विचारलं, घरीही हा असाच बोलतो का गं? मी म्हटलं, नाही. तिला खरं वाटलं नाही. पुढं जेव्हा जेव्हा भेटली तेव्हा हळूच विचारायची, आणि मी नाही म्हटलं की माझ्या तोंडाकडं बघत राहायची. मरेपर्यंत तिला वाटत राहिलं की मी लपवतेय."

तिने पुन्हा यंत्र सुरू केले. नकोबा चहाचा कप घेऊन बसून राहिला. सासू गेली त्यालाही आता कैक वर्षे झाली होती. ती जावयाशी नेहमी जपून, दबून बोलायची. तो तिचा स्वभाव, असे याने धरून चालले होते. माझ्या मते त्या संध्याकाळी त्याला जेवढी लाज वाटली तेवढी उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती वाटायलाच हवी होती. त्यानंतर त्याने तिला ये म्हटले नाही.

आणि न बोलावता ती आली. म्हणजे आणली गेली. शिवणाच्या गिऱ्हाईक बायकांनी रविवारी मिळून संग्रहालयात जायचे ठरवले आणि काकूंचे घरचेच माणूस तिथे, तर काकू नाहीत असे कसे चालेल, म्हणून तिला धरून बसल्या. कारण सांगत बसण्यापेक्षा जाणे सोपे होते. खोलीत चांगलीच गर्दी होती. टेलिफोनवाल्या बाई कुलपाशी होत्या. बायका टेबलावर तुटून पडल्या. शिवणकाकू सगळ्यांच्या मागे, पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. गालिचा हाताच्या अंतरावर होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि पिशवी तशीच धरून ठेवली.

नकोबा स्टुलावरून उठला. त्याला चारचौघांत बोलायचा एकच आवाज येत होता, तोच बाहेर आला, वरच्या दालनातला.

"जरा ऐका!"

सवयीने सगळ्यांचे हात झटकन वस्तूंवरून मागे आले.

"ही माझी बायको," नकोबा म्हणाला. "आमचं लग्न नवं होतं तेव्हा वरच्या दालनात मी हिच्यावर ओरडलो. हिच्या आईसमोर. घरी कुणी शिकवलं नाही का, असं म्हणालो. चूक माझी होती. हिच्या आईला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतो."

शिवणकाकू गोरीमोरी झाली होती. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तेवढ्यात टेलिफोनवाल्या बाईंनी आवाजाच्या अंदाजाने मान वळवली आणि काही आडपडदा न ठेवता विचारले, "आणि घरी? घरी कसे बोलतात हो?"

"घरी कधीच ओरडले नाहीत," शिवणकाकू म्हणाली. हे उत्तर तिने इतक्या वेळा दिले होते की पुढे काय होणार ते तिला ठाऊक होते. ती खाली बघत राहिली.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मी जन्मभर लोकांचे आवाज ऐकले. घरात ओरडणारा माणूस मला पहिल्या हॅलोला कळायचा. हे त्यातले नाहीत."

शिवणकाकूच्या हातातली पिशवी खाली पडली. ती बायकांमधून वाट काढत पुढे गेली आणि तिने बाईंचा हात धरला.

"परत एकदा सांगा," ती म्हणाली.

बाईंनी सगळे पुन्हा, सावकाश, शब्द न शब्द सांगितले.