बहाराआधीचं पाणी

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर नागपूरच्या डॉक्टरनं माझ्या नवऱ्याच्या पोटातली गाठ तपासली आणि म्हणाला, "आता घरी घेऊन जा." सौंसरच्या बसमध्ये ह्यांनी एकच मागणं केलं. "मले घरी नको नेऊ वं. बगीच्यात ने. यंदाचा बहार पाहाचा हाय मले."

आमचा संत्र्याचा बगीचा रामाकोना गावाच्या अंगाला. विहिरीजवळच्या झाडाखाली मी बाज टाकली. तिथे निदान शांत होतं. नागपूरला जायच्या आधी गावातल्या घरी येणारा जो तो तोंड पाडून बसायचा. एक बाई तर ह्यांच्या देखत मला म्हणाली, "आता तुयं कसं होईन वं?" तिला मी असं काही ऐकवलं की बगीच्याकडे ती फिरकली नाही. उन्हाप्रमाणे बाज सरकवायची, पाय दाबायचे, एवढंच आमचं काम. ह्यांचं कण्हणंही तिथे कमी व्हायचं. वर पाहत म्हणायचे, "लय केलं या झाडाईनं आपल्यासाठी."

माझा जीव जळायचा. "इथं सारं बुडून राहिलं अन् तुमाले उपकार आठवून राहिले?"

ते नुसते हसायचे. खरं सांगते, दुपारी कधी वारा सुटला की घटकाभर मीही सारं विसरायची. मग आठवलं की उठून पुन्हा पाय दाबायला बसायची.

आंबिया बहारासाठी आमच्याकडे झाडांना ताण देतात. पावसाळा सरला की पाणी बंद. झाडं तहानेनं मलूल होतात, पानं पिवळी पडून गळतात, अन् संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की फुलं फुटतात. घाई केली तर नुसती पानंच येतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण आमची जमीन काळी, भारी. ओल सोडता सोडेना. मी रोज पानं चाचपून पाहायची, तर मेली टवटवीत! सुकत होते ते हेच.

एका सकाळी चहाचा घोटही ह्यांच्या घशाखाली उतरला नाही. मी धाकट्या दिराला म्हटलं, "मोटर चालू करा."

"वहिनी, डोकं ठिकाणावर हाय का? ताण बसलाच नाही अजून. बहार जाईन सारा."

"भाऊजी, झाडाले पुढचं साल हाय. तुमच्या दादाले नाही."

त्यानं जाऊन मोटर चालू केली.

दांडातून पाणी आलं, तसे ह्यांनी डोळे उघडले. "पाणी सोडलं?"

"हो. वेळ झाली."

त्यांनी वरच्या पानांकडे पाहिलं. जन्म गेला होता त्यांचा त्या झाडांत. सारं कळलं होतं त्यांना. तरी म्हणाले, "हो. झाली वेळ."

काही दिवसांनी नवती फुटली. कोवळी पोपटी पानं, नुसती पानं. मी फांदी न् फांदी धुंडाळली, एक कळी नाही. बाजेवरून विचारणं चालूच, "दिसते का वं फूल?" माझ्यानं हो म्हणवेना, नाही म्हणवेना. शेवटी एक शेंडा खुडला, चुरगळून त्यांच्या नाकाशी धरला. संत्र्याच्या पानालाही वास असतोच.

त्यांनी डोळे मिटून तो ओढून घेतला. "लय आला यंदा बहार," म्हणाले. त्याच दिवशी सूर्य कलता गेले.

पुढे शेजारचे बगीचे फुलले. मी आमच्या बिनफुलाच्या झाडांत गवत काढत होते आणि वाऱ्यासोबत तो वास आला. किती दिवसांनी छातीतलं ओझं जरा हललं, बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, हे कळलं तेव्हा मी तिथेच मातीत बसून हंबरडा फोडला.