गोबीचा मेंदू आणि मास्तराचं निळं तोंड

चहाचा कप आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा. मागच्या दिवाळीत हा किस्सा सांगत होतो, तर आमच्या साडूंनी चहा नाकातून काढला आणि सोफ्याचं कव्हर मला धुवावं लागलं. एवढी माती खाल्ली आहे मी, आणि तीही सगळ्या जिल्ह्यासमोर!

तर मी बालाघाटात जीवशास्त्र शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं त्याच नोट्स. कागद इतके पिवळे पडलेत की पोरं म्हणतात, सर हळद लावून ठेवतात. पण मला त्यांचा केवढा अभिमान! पुस्तकं बदलली, मंत्री बदलले, प्राचार्य पाच बदलले. नोट्स त्याच आणि बायको तीच.

त्या नोट्समध्ये एक वाक्य लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं: 'जन्माआधी बाळाच्या मेंदूचा नाका उघडा असतो.'

आता हा नाका कुठला? सोपं आहे. बिरसा गावाकडून येताना जंगलखात्याचं बैरियर लागतं ना? दांडी आडवी, ट्रक उभा, आत सागवान आहे का बघणार, मगच सोडणार. तसंच एक बैरियर रक्त आणि मेंदूच्या मध्ये असतं. साखर आली? जाऊ द्या. भलतंसलतं काही आलं? थांबवा! माणसाला असतं, बकरीला असतं, उंदरालाही असतं. शास्त्रज्ञांनी जनावराच्या रक्तात निळा रंग सोडून पाहिला, तर अंग सगळं निळं झालं आणि मेंदू पांढराच राहिला.

प्रश्न एवढाच, की हे बैरियर बसतं कधी? माझ्या नोट्स म्हणायच्या, जन्मानंतर. मी तेच शिकवलं, पोरांनी तेच लिहिलं, आणि मीच त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग आला जिल्ह्याचा विज्ञान मेळा. त्यातला पहिला नंबर भोपाळला जातो. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. आणि त्या वर्षी अकरावीत होती खुशबू. तिचे वडील लांजीच्या बसवर कंडक्टर. पोरगी इतकी हुशार की तिचा पेपर तपासताना मलाच पुस्तक उघडावं लागायचं. गोंदियाच्या पुढे मात्र ती कधी गेली नव्हती.

"सर," ती म्हणाली, "भोपाळचं मेडिकल कॉलेज मले एकदा डोळ्यानं पाह्यचं हाय."

मी छाती ठोकली. "दाखवतो तुले! मॉडेल मी बनवतो, तू फक्त बोल."

मॉडेल असं. दोन मोठ्या प्लास्टिकच्या बाहुल्या. एकीच्या गळ्यात चिठ्ठी 'जन्माआधी', दुसरीच्या गळ्यात 'जन्मानंतर'. दोघींची टाळकी कापून आत गोबीचा, म्हणजे फ्लॉवरचा, एकेक गड्डा बसवला, तो मेंदू. पोटात कापूस. वर सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या, त्यात कपड्याची नीळ कालवलेली, ते रक्त. 'जन्मानंतर'च्या मेंदूकडे जाणाऱ्या नळीत मेणाचा बोळा, म्हणजे बैरियर. 'जन्माआधी'ची नळी मोकळी. नीळ सोडली की पहिलीची गोबी निळी, दुसरीची पांढरी. आहे की नाही डोकं?

"अवो, भाजीची गोबी कुठं गेली?" बायको आतून ओरडली.

"विज्ञानाले दिली."

"मंग जेवाले बी विज्ञानच घ्या!"

आता ऐका. पहिल्याच दिवशी खुशबू मॉडेलकडे बघून म्हणाली, "सर, हे उलटं वाटून राह्यलं मले. नाका तर बाळ पोटात असतानाच बसते म्हणतात."

"कोण म्हणते?"

तिनं मोबाईल पुढे केला. मी म्हटलं, "मोबाईलवर तर बोकड बी दूध देते."

दुसऱ्या आठवड्यात तिनं लायब्ररीतलं नवं जाडजूड पुस्तक आणलं, पानावर बोट ठेवून. मी चष्मा वर केला, पान पाहिलं आणि म्हटलं, "छापणाऱ्याची चूक हाय." तिसऱ्या आठवड्यात ती थेट माझ्या बायकोकडे गेली. बायकोनं तिला पोहे खाऊ घातले आणि सांगितलं, "बाई, मी याईले वीस वर्षं सांगून राह्यली की हिरवा शर्ट शोभत नाही. अजून घालतात."

त्यानंतर पोरगी गप्प झाली. आणि पोरगी गप्प झाली की मास्तराला काय वाटतं? पटलं!

मेळ्याचा दिवस. हॉल गच्च भरलेला. परीक्षक होत्या एक डॉक्टर मॅडम, निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्याच हातची. सोबत आमचे प्राचार्य, पांढराशुभ्र सफारी घालून. आमच्या टेबलाशी आले. मी रुबाबात दोन्ही नळ्यांवरच्या चकत्या फिरवून नीळ सोडली.

नीळ खाली उतरली. दोन्ही बाहुल्यांची पोटं निळी झाली. 'जन्मानंतर'ची गोबी पांढरी. वा! 'जन्माआधी'ची गोबी...

तीही पांढरी! ढिम्म पांढरी!

मी खुशबूच्या कानाशी लागलो. "नळी तुंबली का?"

"तुंबली नाही, सर. मी मेण भरलं सकाळी."

"काहून?"

"तेच बरोबर हाय म्हणून." तिची मान खाली गेली नाही.

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? गप्प बसला असता. कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण माझ्या सव्वीस वर्षांच्या नोट्स! एका अकरावीच्या पोट्टीनं मेणानं बुजवाव्या?

"एक मिनिट, मॅडम," मी म्हटलं. "थोडा जोर कमी पडून राह्यला." आणि मी 'जन्माआधी'ची बाटली दोन्ही हातांनी धरून पिळली. काही नाही. अजून पिळली. गोबी पांढरी ती पांढरीच. मग मात्र मी दात-ओठ खाऊन, सगळी अब्रू पणाला लावून अशी पिळली, अशी पिळली...

फटाक!

नळी बाटलीच्या गळ्याशी निसटली. नीळ सरळ माझ्या तोंडावर. मिशीत, नाकात, कानात. उरलेली प्राचार्यांच्या सफारीवर, खिशापासून पोटापर्यंत. आणि जी थोडी राहिली ती वरून गोबीवर पडली.

आणि मी काय ओरडलो असेन? "पहा! पहा मॅडम, मेंदू निळा झाला! मी म्हणत होतो ना!"

हॉलमध्ये आधी कुणीतरी खुदकन हसलं, आणि पाठोपाठ सगळा जिल्हा हसला. मी मात्र खुशबूकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिचं भोपाळ माझ्या मिशीवरून टपटप गळत होतं. लाज वाटली मला. खरी लाज, सव्वीस वर्षांत वाटली नव्हती तेवढी.

मॅडमनी रुमालानं आपला चष्मा पुसला आणि खुशबूला विचारलं, "बाळा, काय आहे हे? मेंदू निळा होतो की नाही होत?"

पोरीनं नाक ओढलं आणि बोलायला लागली.

"नाही होत, मॅडम. बाळ पोटात असते, तवा रक्ताच्या नसा मेंदूत शिरतात. शिरल्या की नसांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींले घट्ट चिकटून जातात. मेंदूच त्याईले तसा निरोप देते. साखरेसाठी अलग दरवाजे राहतात, बाकी बऱ्याच गोष्टींले मनाई. जन्मानंतर हे अजून पक्कं होत जाते, पण नाका बसते पोटातच. जन्माची वाट नाही पाहत."

"मग जुनी पुस्तकं नाका उघडा असतो असं का म्हणतात?"

"जुन्या काही प्रयोगांत एवढ्याशा पिल्लाच्या नसांमधी इतका रंग जोरानं भरला, का नसाच फुटल्या. मेंदू निळा झाला. लोक म्हणाले, पहा, बैरियरच नाही!" ती थांबली. माझ्याकडे बघितलं. "आता सरांनी केलं ना, तस्संच."

मॅडमचे डोळे चमकले. "म्हणजे सरांनी ती जुनी चूक मुद्दाम करून दाखवली? स्वतःच्या तोंडावर घेऊन? वा, सर!"

आता तरी गप्प बसावं की नाही? पण मी पडलो सत्यवादी. "नाही मॅडम, मुद्दाम नाही! मी तर खरंच..."

खुशबूनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. पायात वडिलांचे जड बूट घालून आली होती, ते तेव्हा कळलं. आणि निळे प्राचार्य गरजले, "गुरुजी, बैठ जाइए!"

मी बसलो.

"आणि पोटातल्या बाळाला मग कशाचाच धोका नाही?" मॅडमनी शेवटचं विचारलं.

"हाय ना जी. दारू तर नाका असून बी आत जाते. तेव्हा बी अन् मोठेपणी बी."

कोणीतरी मागून टाळी वाजवली. पहिला नंबर आमचा! पण कागदावर मॅडमनी एक ओळ लिहिली होती: 'मार्गदर्शकाने केलेले चुकीचे प्रात्यक्षिक भोपाळलाही अवश्य ठेवावे.'

झालं! भोपाळला दोन दिवस. दर दोन तासांनी खुशबू नाक्याची माहिती सांगायची, मग माझ्याकडे हात करायची, आणि मी बाटली पिळून तोंडावर नीळ घ्यायचो. लोक रांगा लावून बघत होते. एक आजोबा नातवाला घेऊन तीनदा आले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मेडिकल कॉलेजच्या फाटकापाशी गेलो. पोरगी गजाला धरून किती तरी वेळ नुसती उभी होती. मला फार बरं वाटत होतं. चौकीदार मात्र माझ्या निळ्या कानांकडे बघत राहिला आणि आम्हाला आत सोडेना.

शेवटच्या संध्याकाळी एक वयस्कर प्राध्यापक आले. मूळचे नागपूरचे, आमची बोली ऐकून मराठीवर उतरले. त्यांनी 'जन्माआधी'ची गोबी हातात घेऊन फिरवून पाहिली. वर निळी, आतून पांढरीशुभ्र.

"कमाल आहे पोरी! एक थेंब आत गेला नाही. इतका पक्का अडथळा करायला शिकलीस कुठं?"

खुशबूनं माझ्याकडे पाहिलं. मी आत्ताच सातव्यांदा नीळ घेऊन तोंड पुसत उभा होतो.

"सरांकडूनच शिकली जी," ती म्हणाली. "तीन हप्ते याईले समजावून पाह्यलं. एक थेंब आत नाही गेला!"