चौकोनांवर सही

ललिताचा राग गावाला पाठ होता. तलाठी असो की वनखात्याचा गार्ड, वाकडं बोलला की ती त्याची खरडपट्टी काढायची आणि नंतर त्यालाच चहा पाजायची. आलापल्लीच्या अलीकडच्या त्या जंगलगावात ग्रामसभेचं टायपिंग, छपाई आणि वाचन तिच्याकडेच होतं. संध्याकाळी ती बायकांना अक्षरं शिकवायची, तीही ओरडूनच. पण त्या दिवशीचा राग निराळाच होता.

झालं असं, की ग्रामसभेचा जुना लॅपटॉप रडतखडत चालायचा, म्हणून एका संस्थेचा अश्विन नागपूरहून आला आणि त्यावर लिनक्स नावाची नवी फुकट प्रणाली घालून गेला. हलकं, सुटसुटीत, लागेल तेवढंच. लागेल तेवढ्यात इंग्रजी होती. मराठीचा फाँट, मराठीचं भाषा-पॅकेज, सगळं त्याने जागा खातं म्हणून बाहेर ठेवलं. हा लॅपटॉप वापरणार कोण, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

ठराव ललिताने त्याआधीच टाइप करून अश्विनलाही पाठवला होता. टेकडीमागच्या बांबूला यंदा कुणी कोयता लावायचा नाही, एवढंच त्यात होतं. तालुक्याला हाताने लिहिलेला चालत नसे; छापील ठराव सह्यांनिशी दुसऱ्या दिवशी तिथे पोचला नाही, तर ठेकेदाराची माणसं ट्रक घेऊन हजर होणार होती. गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सगळं गाव जमलं. ललिताने ठराव छापला, तर कागदावर ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. अक्षर म्हणून एक नाही.

तिने तळ्याच्या पाळीवर जाऊन अश्विनला फोन लावला. बोलण्यापुरती रेंज तिथेच मिळायची, इंटरनेट तर तिथेही नाही.

"मॅडम, अक्षरं फाइलमंदी आहेतच. आमच्या इथी बराबर दिसून राह्यलं," तो म्हणाला. "तुमी सह्या घेऊन टाका."

ललिताच्या अंगाची लाही लाही झाली. सही करणाऱ्याला दिसत नाही, नागपूरला बसलेल्याला दिसतं, आणि म्हणे काम झालं! तिने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण गोटुलात परतून तिने त्याच्या बोलण्यासकट ते सगळ्यांना पुन्हा ऐकवलं.

गोटुलात सगळे ताटकळले होते. मोहफुलं वेचायचे दिवस, प्रत्येकाला रानात जायची घाई. मराठी फाँट उतरवायला इंटरनेटसाठी आलापल्लीला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडणार. पण सगळ्यांसमोर वाचल्याशिवाय ठरावावर सही नाही, अंगठा नाही, आणि एकानेही अडवलं की थांबायचं, ही त्या गावाची रीत. ललिताला ठराव तोंडपाठ होता. तिने तोच चौकोनांचा कागद समोर धरला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

साठी उलटल्यावर तिच्याकडेच अक्षरं शिकलेली धुरपताबाई वाचनाच्या वेळी नेहमी तिच्या खांद्याशी उभी राहायची. तिने कागदात डोकावून पाहिलं.

"हे कुठी लिवलं आहे?"

"मीच लिवलं ना, धुरपताबाई. माझ्यावर भरवसा नाई का तुमचा?" ललिता फणकारली.

"आहे ना पोरी. पण त्या पोट्ट्यानंबी हेच सांगतलं ना फोनवर? मंग त्याले काऊन शिव्या देल्या?"

ललिताला म्हातारीचा राग आला, मग अश्विनचा, आणि मग राग काढायला कुणी उरलंच नाही. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती आणखीनच चिडली. तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटीला किक मारली.

आलापल्लीच्या इंटरनेटच्या दुकानात ती घाम पुसत बसली. एक पॅकेज टाकलं की ते दुसरं मागायचं. फाँट बसला, तर काना-मात्रा अक्षरांना सोडून भलतीकडे पडायला लागल्या. त्यासाठी आणखी काहीतरी उतरवावं लागलं, तोवर नेट दोनदा गेलं. ती दुकानदारावर डाफरली, लिनक्सवर डाफरली, अश्विनचं नाव तर दर वाक्याला घेत होती.

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. मोहफुलं रानातच पडून होती आणि माणसं गोटुलात बसून होती. तिने कागद छापला. सवयीने वाचायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. मग कागद धुरपताबाईच्या हातात दिला.

म्हातारी सावकाश वाचत गेली. जोडाक्षराला अडायची, मागे जायची, पुन्हा सुरू करायची. 'बांबू'पर्यंत पोचायलाच तिला फार वेळ लागला. पुढचा शब्द ललिताच्या ओठांवर आला होता. तिने दात आवळून धरले आणि सांगितला नाही.